एर्मेसचा रेशमी स्कार्फ: मुंबईला जाऊन घ्यावा की सांगलीत बसून मागवावा?

एर्मेस (Hermès) या महागड्या फ्रेंच ब्रँडचा 90 सेंटिमीटरचा चौकोनी रेशमी स्कार्फ सांगलीत हवा असेल, तर मुंबईला जाऊन नवा घ्यायचा किंवा वापरलेल्या ब्रँडेड वस्तूंच्या साइटवरून मागवायचा. इन्स्टाग्रामवरची ‘फर्स्ट कॉपी’ मी यात धरतच नाही. ती उघड नक्कल आहे.

मुंबईचं सोपं आहे. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस, सकाळी सीएसएमटी, तिथून हॉर्निमन सर्कलचं दुकान पायी गाठता येतं. कापड हाताळता येतं, पक्कं बिल मिळतं. किंमत मात्र पूर्ण, आणि नक्षी दुकानात त्या वेळी असेल तीच.

साइटवर किंमत बरीच उतरते. शिवाय पहिला स्कार्फ 1937 चा, तेव्हा बंद झालेल्या कितीतरी सुंदर नक्षी तिथेच मिळतात. पण तपासणी आपल्यालाच करावी लागते. दिवसाच्या उजेडातले फोटो मागा, आणि सगळ्यात आधी किनारीचा. अस्सल किनार हाताने वळून सुलट बाजूला दुमडलेली, फुगीर असते. टाके बारीक, तरी मशीनच्या टिपेइतके एकसारखे नसतात. कुणी इस्त्री फिरवली असेल तर अस्सल किनारही चपटी होते, म्हणून निकाल टाक्यांवरून लावा. मग उलट बाजू बघा: रंग तिथेही जवळजवळ तितकेच गडद उतरलेले हवेत. ट्विलच्या, म्हणजे तिरक्या विणीच्या कापडाच्या, रेघा जवळून स्पष्ट दिसायला हव्यात. धुण्याच्या सूचनांची पट्टी नसली तरी बिचकू नका, अनेकजणी ती कापून टाकतात. एर्मेसच्या केशरी खोक्यावर मात्र अजिबात विसंबू नका. रिकामे खोकेही विकले जातात.

सिल्क मार्कचं (शुद्ध रेशमाची खूण असलेलं) लेबल किंवा धागा जाळल्यावर येणारा जळक्या केसांचा वास, यातून रेशीम खरं आहे एवढंच कळतं. नकली स्कार्फही शुद्ध रेशमाचा असू शकतो.

लग्नात भेट द्यायचा असेल तर मी मुंबईच सांगेन. तिथे शंकेला जागा नको. स्वतःसाठी एखादी जुनी नक्षी मनात भरली असेल तर साइट, पण नकली निघाल्यास पूर्ण पैसे परत देण्याचं लेखी आश्वासन असेल तरच. पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. विक्रेत्याने दाद दिली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तक्रार नोंदवताना बिल आणि तो व्हिडिओ हाताशी ठेवा.