भिंतीवरचा आवर्तसारणीचा तक्ता: मांडणी पक्की, आकडे जुने

‘सुधारित’ असा शिक्का असलेला तक्ता हातात आला की आधी सेलेनियमची चौकट बघावी. अणुअंक ३४. तिथे ७८.९६ छापलेलं असेल, तर अणुवस्तुमानं २०१३च्या आधीची आहेत. त्या वर्षी तो आकडा ७८.९७१ झाला. १०० × ७० सेंटिमीटरच्या या लॅमिनेटेड तक्त्यात निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन आणि ओगॅनेसॉन ही २०१६ मध्ये मान्य झालेली चारही नावं आहेत, सेलेनियम मात्र ७८.९६ वरच आहे. मोलिब्डेनम ९५.९४ आणि जस्त ६५.३९ हेही त्याच जुन्या खेपेतले. आज ते ९५.९५ आणि ६५.३८ आहेत. सातवं आवर्त भरून काढलं, बाकी छपाई जुनीच चालवली.

शाळेतल्या गणितांचं यामुळे काही बिघडत नाही, सेलेनियममधला फरक ०.०१४ टक्के आहे. लिथियमचं तसं नाही. इथे ६.९४१ छापलंय, आणि तीन दशांश स्थळांची ही खात्री या मूलद्रव्याला परवडत नाही. वेगवेगळ्या स्रोतांतल्या लिथियमचं अणुवस्तुमान ६.९३८ ते ६.९९७ यांच्या दरम्यान पडतं. त्यातून लिथियम-६ हा समस्थानिक अणुऊर्जेच्या कामासाठी वेगळा काढतात आणि उरलेलं, किंचित जड लिथियम रसायनांच्या बाटल्यांतून येतं. म्हणजे चूक ०.८ टक्क्यापर्यंत जाऊ शकते. नेमक्या संहतीचं द्रावण करायचं असेल तर बाटलीवरचा आकडा धरावा. तक्त्यावर ६.९४ पुरे होतं.

मांडणीत मात्र या तक्त्याने मनापासून मेहनत घेतली आहे. टेल्युरियम (१२७.६०) आणि आयोडीन (१२६.९०) यांच्या चौकटींखाली एक बारीक लाल बाण आहे: जड आधी, हलकं नंतर. आर्गॉन–पोटॅशियम आणि कोबाल्ट–निकेल यांच्याखालीही तसाच. वस्तुमानाच्या चढत्या क्रमाने हे कोडं सुटत नव्हतं. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने गुणधर्म बघून टेल्युरियमला आयोडीनच्या आधी बसवलं आणि त्याचं वस्तुमान चुकीचं मोजलं गेलं असावं असं मानलं. मोजमाप बरोबरच होतं. भौतिकशास्त्रज्ञ मोझलीने १९१३ मध्ये क्ष-किरणांच्या वर्णपटावरून दाखवलं की खरा क्रम अणुअंकाचा. अणुअंक का महत्त्वाचा, हे सांगायला या तीन बाणांइतकं सोपं साधन दुसरं नाही.

इलेक्ट्रॉन संरूपण, म्हणजे कोणत्या कवचात किती इलेक्ट्रॉन, हे तपासायला तीन चौकटी पुरतात: क्रोमियम २, ८, १३, १, तांबं २, ८, १८, १, पॅलेडियम २, ८, १८, १८. पॅलेडियममध्ये घाईने छापणारे हमखास घसरतात, कारण पाचव्या आवर्तात असूनही त्याच्या पाचव्या कवचात एकही इलेक्ट्रॉन नाही. इथे तिन्ही बरोबर आहेत.

तिसऱ्या गणात यिट्रियमच्या खालच्या दोन चौकटींत ‘५७–७१’ आणि ‘८९–१०३’ एवढंच आहे. तळाच्या दोन्ही ओळी १५-१५ मूलद्रव्यांच्या. या ओळींत भरत जाणाऱ्या एफ उपकवचात (कवचाच्या एका भागात) १४ इलेक्ट्रॉन मावतात, मग पंधरावं कुठलं, हा प्रश्न हुशार विद्यार्थी विचारतोच. आयुपॅक या रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या गटाने २०२१च्या अंतरिम अहवालात ल्युटेशियम आणि लॉरेन्सियम, म्हणजे या ओळींतली शेवटची दोन (७१ आणि १०३), तिसऱ्या गणात ठेवण्याच्या बाजूने मत दिलं. तक्त्याच्या तळाशी तशी एका ओळीची टीप हवी होती.

एक चूक मात्र सरळ चूक आहे. वरचा ‘पी-खंड’ (पी उपकवच भरत जाणारी मूलद्रव्यं) हा कंस हेलियमवरूनही गेलाय. हेलियमचे दोन्ही इलेक्ट्रॉन एस उपकवचात असतात. तो अठराव्या गणात बसतो ते राजवायूसारख्या वागणुकीमुळे. हायड्रोजन लिथियमच्या वर, पण वेगळ्या रंगात आणि थोडी फट ठेवून आहे, हे योग्यच.

रंगांबद्दल तक्रार आहे. लॅन्थॅनाइड आणि ॲक्टिनाइड या दोन्हींना गुलाबीच्या इतक्या जवळच्या छटा दिल्यात की ट्यूबलाइटखाली फरक कळत नाही. कोपर्निशियम, फ्लेरोव्हियम, ओगॅनेसॉन यांना राखाडी रंग आहे, आणि ते आवडलं: मोजके अणू तयार झालेल्या मूलद्रव्याला थेट ‘वायू’ म्हणून रंगवण्यापेक्षा हे प्रामाणिक.

संज्ञा १६ मिलिमीटर उंचीच्या आहेत, मागच्या बाकावरून वाचता येतात. अणुवस्तुमानाचे ३ मिलिमीटरचे अंक मात्र जवळ उभं राहूनच वाचावे लागतात. लॅमिनेशन चकचकीत आहे, त्यामुळे खिडकीच्या समोरची भिंत टाळावी. तक्ता गुंडाळीतून येतो. उलट्या बाजूने सैल गुंडाळून रात्रभर ठेवावा, मग सपाट करून टांगावा, नाहीतर खालची कड पुढे वळते आणि नेमक्या एफ-खंडाच्या ओळी दुमडतात. कडेला लॅमिनेशनची ५ मिलिमीटर पट्टी सोडलेली आहे, ती कापू नये. कागदापर्यंत कापली की दमट हवा आत शिरते आणि थर सुटतात.

वर्गासाठी घ्यायला हरकत नाही. टांगण्याआधी पांढऱ्या चिकटपट्टीवर चार आकडे लिहून लावावेत: लिथियम ६.९४, जस्त ६५.३८, सेलेनियम ७८.९७१, मोलिब्डेनम ९५.९५. पाचवी पट्टी हेलियमच्या वर, कंस झाकायला. विश्लेषणाच्या प्रयोगशाळेत मात्र एवढी डागडुजी पुरणार नाही, तिथे आकडे आयुपॅकच्या चालू यादीतूनच घ्यावेत.