रक्तचाचणी की गर्भजल तपासणी?

पोटातल्या बाळाला डाउन सिंड्रोम (एक गुणसूत्र जास्तीचं असल्याने मुलाची वाढ आणि शिकणं सावकाश होतं, ती अवस्था) आहे का, हे बघायच्या या दोन वाटा. एनआयपीटी ही रक्तचाचणी म्हणजे आईच्या दंडातून काढलेल्या रक्ताची तपासणी. दहाव्या आठवड्यापासून होते, बाळाला धोका नाही. गर्भजल तपासणीत पोटातून सुई घालून पाणी काढतात, तेही पंधराव्या आठवड्यानंतर. त्यात गर्भपाताचा धोका शंभरात एकाहून कमी, पण असतो.

मग रक्तचाचणीच बरी? थांबा. ती फक्त शक्यता सांगते. रिपोर्टवर ‘हाय रिस्क’ छापून आलं की घरातले लगेच ‘काढून टाका’ म्हणायला लागतात. तिशीच्या आतल्या बाईच्या बाबतीत तर तो इशारा खोटा ठरण्याची शक्यता जास्तच, कारण मुळात त्या वयात हा दोष कमी आढळतो. (‘दोष’! मीही तोच शब्द लिहिला बघा.) एकविसाव्या गुणसूत्राच्या दोनऐवजी तीन प्रती आहेत का, हे गर्भजलातल्या पेशी तपासून कळतं. नुसत्या रक्ताच्या रिपोर्टवर गर्भ पाडायचं ठरवणं मला साफ चुकीचं वाटतं.

एका बाबतीत मात्र दोन्ही चाचण्या मुक्याच. मूल बोलायला कधी लागेल, स्वतःच्या बुटाची नाडी बांधेल का, हे गुणसूत्रांच्या फोटोत दिसत नाही. ती रिकामी जागा मग ‘लोक काय म्हणतील’ने भरते. ठेवायचं की नाही, निर्णय बाईचाच. पण त्याआधी असं मूल वाढवणाऱ्या घरात तासभर बसून या, असं कोणी चिठ्ठीवर लिहून देत नाही.