काजू फोडायच्या मशीनच्या नावाने १,११,९०० रुपये लुबाडले

सत्तरी, डिचोली, सांगे, काणकोणात घरच्या घरी काजू फोडणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितोय. फेसबुकवर ‘ऑटोमॅटिक कटिंग मशीन, थेट अहमदाबाद फॅक्टरीतून’ अशी जाहिरात दिसली तर दमडीही पाठवू नका.

मशीन १,८५,००० चं. निम्मे आगाऊ, ९२,५००. मग ट्रकभाडं ८,४००. मग गाडी गोव्याच्या हद्दीवर पत्रादेवीच्या नाक्याला अडकलीय म्हणून ‘परत मिळणारं डिपॉझिट’ ११,०००. त्यानंतर फोन बंद.

त्यांनी पाठवलेला व्हिडिओ आठवला की अजून डोकं फिरतं. एका बाजूला अख्खे गर पडताहेत, दुसऱ्या बाजूला टरफलं, आणि एक माणूस ती टरफलं उघड्या ओंजळीत धरून दाखवतोय. टरफलातल्या तेलाने कातडी सोलवटते, आमच्याकडच्या बायका हाताला तेल-राख लावल्याशिवाय फोडायला बसत नाहीत. त्याचे हात कोरडे, पातंही कोरडं! बियाही सगळ्या एका मापाच्या. आपली गावठी बी लहानमोठी, चाळून माप वेगळं केल्याशिवाय पात्यात नीट बसतच नाही, गर चिरतो. हे मला कोणी शिकवायला नको. पण सीझन तोंडावर, फोडायला बायका मिळत नाहीत, अख्ख्या गराची पाकळी झाली की भाव पडतो. अशा वेळी माणूस व्हिडिओत हात बघत बसत नाही. शिवाय बिलावर शिक्का होता, जीएसटी नंबर होता.

तो नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. गुजरातचा २४ ने होतो. जीएसटीच्या वेबसाइटवर टाकून बघा. खातं कंपनीचं नाही, कुणाचं तरी बचत खातं असेल तर तिथेच थांबा.

पोलीस ठाण्यात म्हणे, ‘तुम्हीच पाठवले ना? व्यवहाराचा वाद आहे, कोर्टात जा.’ कोर्टात कोणावर जाऊ, खोट्या नावावर? मग सायबर पोलिसांकडे पिटाळलं. तिथे मराठी अर्ज परत केला, इंग्रजीत टाइप करून आणा. आणला तर साहेब बंदोबस्ताला. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात बँकेचं शिक्क्याचं स्टेटमेंट आणा. कागद फिरत राहिले आणि तिकडे खातं रिकामं झालं. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर ताबडतोब कळवलं तर पैसे गोठवता येऊ शकतात, हे ठाण्यात एकानेही सांगितलं नाही. तिथे पगार कशाचा घेतात? आधी तो नंबर फिरवा, ठाण्याची पायरी नंतर चढा.

मशीन घ्यायचंच तर आपल्याच उकडून निववलेल्या बिया घेऊन जा, समोर फोडायला लावा, अख्खे गर वेगळे काढून वजन करा. तोच व्हिडिओ तुम्हाला आला असेल तर तो पुसू नका, खाते क्रमांकासकट तक्रार द्या. माझ्या एकट्याच्या अर्जाला तिथे कोणी विचारत नाही.