टीपॉयसाठी ओंडका: आडवी चकती की उभी फळी?

ओंडका एक आणि मन दोन्हीकडे, म्हणून मित्राने विचारलं: टीपॉयसाठी तो आडवा कापून गोल चकती काढू की उभा चिरून फळी? मेहनतीत चकती सोपी वाटते: करवतीने कापली, पाय लावले, झालं. खरी गोम वाळवणीत आहे. लाकूड वर्षवलयांच्या दिशेने जितकं आकसतं, ते गाभ्याकडच्या दिशेच्या साधारण दुप्पट. म्हणून चकतीला कडेपासून गाभ्यापर्यंत पाचरीसारखी चीर जाते. शिवाय तिचा कापलेला पृष्ठभाग पॉलिश पितच राहतो!

फळीला आरागिरणीचा खर्च, टोकांना मेण फासायचं, जाडीच्या इंचामागे साधारण वर्षभर वाळवायचं. थोडी वाकली तर रंधा मारून सपाट होते.

चीर शोभेची वाटत असेल, कोपऱ्यातलं छोटं टेबल हवं असेल, तर चकती. रोज कप आदळणार असतील तर फळीच.