कायमेराएक्समधील संपर्क-मोजणी: सिकलसेल हिमोग्लोबिनवर घेतलेली पारख

प्रथिनाच्या रचनेत कोणते अमिनो आम्ल कोणाला भिडले आहे हे चित्र पाहून सांगणे वेगळे आणि मोजून सांगणे वेगळे. मोजण्याच्या कामासाठी मी यूसीएसएफ कायमेराएक्स हे रेणूंच्या त्रिमितीय रचना दाखवणारे सॉफ्टवेअर वापरतो आणि विद्यार्थ्यांनाही तेच शिकवतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील गटाने जुन्या कायमेराच्या जागी ते नव्याने लिहिले आहे. शैक्षणिक आणि ना-नफा वापरासाठी ते विनामूल्य आहे, व्यावसायिक वापरासाठी मात्र परवाना घ्यावा लागतो. विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर ते चालते. त्याच्या सुंदर चित्रांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे मी केवळ त्याची संपर्क मोजण्याची साधने पारखली आहेत.

पारखण्यासाठी निवडलेली रचना प्रोटीन डेटा बँक या प्रथिनरचनांच्या सार्वजनिक संग्रहातील २एचबीएस ही आहे. सिकलसेलच्या ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनची ही स्फटिकरचना २.०५ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश) इतक्या स्पष्टतेची आहे आणि तिच्या फाईलमध्ये चार-चार साखळ्यांचे (दोन अल्फा, दोन बीटा) दोन पूर्ण रेणू आहेत. विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागांत हा आजार घरोघरी ठाऊक आहे, त्यामुळे आपल्याकडच्या विद्यार्थ्यांना या रचनेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. हा रेणूच्या पातळीवरचा आजार आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवले. बीटा साखळीतील सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते एवढाच काय तो फरक आहे, हे व्हर्नन इनग्रॅम यांनी १९५७ पर्यंत सिद्ध केले. मात्र एका व्हॅलिनमुळे रेणूंची दोरखंडासारखी लांब माळ का बनते, याचे उत्तर दोन शेजारी रेणूंमधील संपर्कात आहे, आणि हा संपर्क संगणकावर स्वतः शोधून काढता येतो.

कायमेराएक्समधील ‘कॉन्टॅक्ट्स’ या आज्ञेची व्याख्या मला विशेष आवडते, कारण ती उघड आहे. दोन अणूंच्या व्हॅन डर वाल्स त्रिज्यांची, म्हणजे प्रत्येक अणू व्यापतो त्या जागेच्या त्रिज्यांची, बेरीज करायची आणि तीतून त्यांच्या केंद्रांमधील अंतर वजा करायचे. उरेल तो आच्छादनाचा आकडा. हा आकडा उणे ०.४ अँगस्ट्रॉम किंवा त्याहून अधिक असेल तर संपर्क मानला जातो. दोन्ही अणूंची त्रिज्या १.७ धरली, तर ३.८ अँगस्ट्रॉमपर्यंतचे अंतर संपर्कात मोडते. ‘क्लॅशेस’ ही जुळी आज्ञा हेच गणित वापरते, पण तिची मर्यादा अधिक ०.६ अँगस्ट्रॉम आहे, म्हणजे ती केवळ अणूंची टक्कर दाखवते. सरसकट चार किंवा पाच अँगस्ट्रॉमची रेषा आखून ‘यापेक्षा जवळ ते सगळे संपर्कात’ असे म्हणण्याच्या पद्धतीपेक्षा ही रीत मला अधिक न्याय्य वाटते, कारण तिच्यात अणूचा आकार विचारात घेतला जातो. स्फटिकरचनेत हायड्रोजन बहुधा नसतात. अशा वेळी सॉफ्टवेअर किंचित मोठ्या त्रिज्या वापरते. म्हणून दोन रचनांची तुलना करताना एकीत हायड्रोजन घातलेले आणि दुसरीत नाहीत असे होऊ देऊ नये, नाही तर आकड्यांतील फरक प्रथिनाचा नसून तयारीचा असेल.

प्रत्यक्ष कामात पहिली अडचण येते ती अतिरेकाची. काहीही मर्यादा न घालता आज्ञा दिली, तर पडदा रेषांनी भरून जातो आणि त्यात हीमचे (हिमोग्लोबिनमधील लोहयुक्त भागाचे), पाण्याचे आणि एकाच साखळीच्या अंतर्गत बांधणीचे संपर्कही मिसळलेले असतात. प्रश्न नेमका विचारावा लागतो: बीटा साखळ्यांमधील सहावे व्हॅलिन एका बाजूला आणि त्याच्या रेणूबाहेरील साखळ्या दुसऱ्या बाजूला. ‘रिस्ट्रिक्ट’ या पर्यायाने हे सहज होते. उत्तर फाईलमध्ये जतन करता येते आणि त्यात अणूंची प्रत्येक जोडी, आच्छादन व अंतर यांची नोंद असते. या रचनेत चार बीटा साखळ्या, म्हणजे चार व्हॅलिन आहेत, परंतु चारही ठिकाणी सारखे उत्तर मिळत नाही. विद्यार्थी येथे गोंधळतात. प्रत्येक रेणूतील दोन बीटा साखळ्यांपैकी एकीचेच व्हॅलिन शेजारच्या रेणूशी होणाऱ्या बाजूच्या संपर्कात भाग घेते, ही या आजारातील मूलभूत गोष्ट त्या गोंधळातूनच त्यांच्या हाती लागते.

जेथे संपर्क मिळतो तेथे व्हॅलिनची पार्श्वसाखळी, म्हणजे कण्यातून बाहेर आलेली शाखा, दुसऱ्या रेणूच्या बीटा साखळीवरील खळग्यात बसलेली दिसते. तो खळगा पाण्यापासून दूर राहू पाहणाऱ्या फेनिलॲलनिन ८५ आणि ल्युसिन ८८ या अमिनो आम्लांनी (आकडा म्हणजे साखळीतील जागा) बनलेला आहे. जवळच एकीचे थ्रिओनिन ४ आणि दुसरीचे ॲस्पार्टिक आम्ल ७३ हेही एकमेकांना भेटतात. ही दुसरी जोडी तपासायला ‘एचबाँड्स’ ही हायड्रोजन बंध शोधणारी स्वतंत्र आज्ञा वापरावी. ती अणूंच्या प्रकारानुसार अंतर आणि कोन दोन्ही तपासते आणि मूळ निकषांत ०.४ अँगस्ट्रॉम व २० अंशांची सूट देते.

मला सर्वांत मोलाचा वाटलेला प्रयोग बीटा साखळीतील थ्रिओनिन ८७ चा आहे. गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनच्या गॅमा साखळीत याच जागी ग्लुटामिन असते, आणि ते या बाजूच्या संपर्कात अडथळा आणते. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने गर्भावस्थेतील हिमोग्लोबिन वाढवले की रुग्णाला आराम का पडतो, याच्या कारणांपैकी हे एक आहे. अमेरिकेत डिसेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या लिफजेनिया या जनुकोपचारात बीटा साखळीत हाच बदल मुद्दाम केलेला आहे. कायमेराएक्समध्ये ‘स्वॅपएए’ या आज्ञेने थ्रिओनिनच्या जागी ग्लुटामिन बसवता येते आणि पार्श्वसाखळीच्या प्रत्येक संभाव्य ठेवणीत किती टकरी होतात हे लगेच मोजता येते. मात्र येथे प्रथिनाचा कणा ताठ धरलेला असतो. खरा रेणू थोडा सरकून जागा करू शकतो, म्हणून टकरींची संख्या ही संपर्क किती दुबळा झाला याचे माप समजू नये. ऊर्जेचा हिशेब या आज्ञांमध्ये नाही.

उणिवाही नोंदवल्या पाहिजेत. यादी अणूंच्या जोड्यांची मिळते, तर आपल्याला बहुतेक वेळा अमिनो आम्लांच्या जोड्या हव्या असतात; ते एकत्रीकरण स्वतः करावे लागते. ‘इंटरफेसेस’ हे साधन साखळ्यांच्या सीमारेषेवरील अमिनो आम्लांचे सपाट आलेखचित्र देते आणि ते उत्तम आहे, पण मूळ मांडणीत ते ३०० चौरस अँगस्ट्रॉमपेक्षा लहान सीमा वगळते. लहान संपर्क शोधणाऱ्याने ही मर्यादा आधी खाली आणावी. संपर्काच्या प्रकारांची वर्गवारीही येथे फारशी नाही. दोन सुगंधी (ॲरोमॅटिक) वलये समोरासमोर आहेत का, किंवा धनभारित पार्श्वसाखळी वलयावर टेकली आहे का, हे विचारायचे असेल तर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेले पीआयसी किंवा इटलीतील पादोवा विद्यापीठाचे रिंग ही साधने अधिक सरळ उत्तर देतात. संपर्कांचे पूर्ण जाळे बांधायचे असल्यास मीही रिंगकडेच वळेन.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. या आज्ञा उघडलेल्या फाईलमधील अणूंपुरतेच पाहतात. स्फटिकात एखाद्या अमिनो आम्लाचा जोडीदार फाईलबाहेरच्या शेजारी रेणूत असू शकतो, आणि तो पाहण्यासाठी सममितीने येणाऱ्या प्रती आधी तयार कराव्या लागतात. कायमेराएक्समध्ये त्याची सोय आहे, पण ती वापरण्याची आठवण कोणी करून देत नाही. अल्फाफोल्ड या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रणालीने वर्तवलेल्या रचनेबाबत तर अधिकच जपावे. एकट्या बीटा साखळीच्या वर्तवलेल्या रचनेत वर वर्णन केलेला एकही संपर्क मिळणार नाही, कारण तेथे शेजारी रेणूच नाही. अनेक साखळ्यांची रचना वर्तवली असेल, तर ‘अल्फाफोल्ड कॉन्टॅक्ट्स’ ही आज्ञा जवळच्या जोड्यांना अपेक्षित त्रुटीनुसार रंग देते. ही सोय मी डोळे झाकून सुचवतो.

क्रमांकांविषयी एक सूचना. प्रथिनरचनेत ज्याला आपण सहावे म्हणतो तेच जनुकीय अहवालांत सातवे असते, कारण तेथे सुरुवातीचे मेथिओनिन मोजले जाते. रुग्णाचा अहवाल हातात घेऊन रचना उघडणाऱ्या डॉक्टरांनी हे विसरू नये.

शिकायला हे सॉफ्टवेअर सोपे नाही. बटणे आहेत, पण खरी ताकद आज्ञांच्या ओळीत आहे. ज्यांना केवळ एक यादी हवी आहे त्यांना संकेतस्थळावर चालणारी साधने पुरतील. ज्यांना तो संपर्क पाहायचा, बदलायचा आणि पुन्हा मोजायचा आहे, त्यांनी मात्र कायमेराएक्स घ्यावे आणि सर्व आज्ञा एका मजकूर-फाईलमध्ये लिहून ठेवाव्यात, म्हणजे दुसऱ्या महाविद्यालयातील शिक्षकालाही तीच फाईल चालवून तेच आकडे मिळवता येतील.