सव्हाना : वेळ थोडा असेल तर आधी हे घर, मग चौक

अटलांटाहून गाडीने साधारण चार तासांवर, अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातच, सव्हाना हे जुनं शहर आहे. भारतातून आई-बाबा आले की शनिवार-रविवारला जोडून सगळेच तिकडे जातात, आणि 'नेमकं काय बघायचं?' हा प्रश्न मला हमखास येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे. ओगलथॉर्प चौकातलं ओवेन्स-थॉमस घर सगळ्यात आधी बघा. बाकीचं शहर त्यानंतर वेगळं दिसायला लागतं.

हे घर 1819 मध्ये पूर्ण झालं. विल्यम जे नावाच्या तरुण इंग्रज वास्तुविशारदाने ते बांधलं. मी स्वतः स्थापत्य अभियंता, त्यामुळे माझी नजर आधी भिंतींकडे गेली. इकडच्या किनारपट्टीवर 'टॅबी' नावाचं बांधकाम करतात. कालवांचे शिंपले भाजून त्यांचा चुना करायचा, त्यात वाळू, पाणी आणि अख्खे शिंपले घालून साच्यात ठोकून भरायचं. बाबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेत. गाइडचं बोलणं मी मराठीत सांगितलं तसे ते लगेच म्हणाले, "अगं, कोकणात शिंपल्यांचाच चुना करायचे की!" त्यानंतर त्यांना घराबाहेर काढणं कठीण झालं.

खरं सांगायचं ते पुढे आहे. फेरी मागच्या अंगणातल्या दुमजली इमारतीपासून सुरू होते. तिच्या अर्ध्या भागात घोडे आणि बग्ग्या असत, अर्ध्या भागात गुलाम म्हणून राबवलेली माणसं. त्यांच्या खोलीच्या छताला निळा रंग आहे, नीळ आणि चुना मिसळून केलेला. दुष्ट शक्ती दूर राहाव्यात म्हणून असा रंग देत, असं सांगतात. आज तो कुठे गडद, कुठे विटका, कुठे पार उडालेला दिसतो. आई मान वर करून तिथेच उभी राहिली. मग विचारलं, "इथे किती जण झोपत असतील गं?"

त्यानंतर मुख्य घरात गेलं की जिन्यावरची पितळी नक्षी आणि वरच्या मजल्यावरच्या दोन भागांना जोडणारा छोटा कमानदार पूल बघताना मनात आधीची खोली असतेच. पावसाचं पाणी टाक्यांत साठवून घरभर नळाने फिरवलं होतं. त्या काळात अमेरिकेत अशी सोय फारच थोड्या घरांत होती. 1825 मध्ये अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेला फ्रेंच सेनानी लाफायेत इथे मुक्कामाला होता. बाजूच्या ओतीव लोखंडाच्या सज्जातून त्याने लोकांसमोर भाषण केलं, असं सांगतात. पण गाइड या दिमाखावर रेंगाळत नाही. स्वयंपाक कोण करायचं, पाणी कोण बघायचं, पोरं कोण सांभाळायचं, हे ती तळघरापर्यंत नेऊन दाखवते. 2018 पासून संग्रहालयाच्या नावातच 'गुलामांची निवासस्थानं' हे शब्द आहेत. त्याबद्दल मला हे घर चालवणाऱ्या टेलफेअर या संस्थेचा मनापासून आदर वाटतो. तिकीट स्वस्त नाही, पण त्याच तिकिटात टेलफेअरची आणखी दोन संग्रहालयंही बघता येतात.

मग चौक. 1733 मध्ये जॉर्जिया वसाहतीचा संस्थापक जेम्स ओगलथॉर्प याने शहराची आखणी केली, ती अशी की प्रत्येक वस्तीच्या मधोमध एक मोकळा चौक, त्याच्या पूर्व-पश्चिमेला सार्वजनिक इमारतींच्या जागा आणि उत्तर-दक्षिणेला घरांच्या. शहर वाढलं तसा हाच साचा पुन्हा पुन्हा वापरला. एकूण 24 चौक झाले, त्यातले 22 आज आहेत. ज्येष्ठांना घेऊन फिरायला याहून सोयीचं शहर मी तरी अमेरिकेत पाहिलेलं नाही. दोन-तीन मिनिटं चाललं की सावली आणि बाक. आईचे गुडघे दुखतात, तरी ती दुपारपर्यंत कुरकुर न करता चालली.

हे चौक आपोआप टिकलेले नाहीत. 1954 मध्ये एलिस चौकातला जुना बाजार पाडून तिथे पार्किंगची इमारत उभी केली. पाठोपाठ कोलंबिया चौकातलं डेव्हनपोर्ट घर पाडायची वेळ आली, तेव्हा सात बायकांनी 1955 मध्ये पैसे जमवून ते विकत घेतलं. वारसा जपायची चळवळ इथे तिथून उभी राहिली. एलिस चौकातली ती इमारतही पुढे पाडली आणि 2010 मध्ये चौक पुन्हा खुला झाला. आपल्याकडच्या वाड्यांचं काय होतंय ते बघता, मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते.

मॅडिसन चौकातलं ग्रीन-मेल्ड्रिम घर निदान बाहेरून तरी बघाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात, डिसेंबर 1864 मध्ये, शहर घेतल्यावर उत्तरेच्या फौजेचा जनरल शर्मन इथे राहिला. जानेवारी 1865 मध्ये त्याने इथेच 20 कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांना बोलावून विचारलं, की तुमच्या लोकांना काय हवं? उत्तर आलं, जमीन. चारच दिवसांत मुक्त झालेल्या कुटुंबांना 40 एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम निघाला. त्याच वर्षी तो फिरवलाही गेला.

फ्रँकलिन चौकातलं फर्स्ट आफ्रिकन बॅप्टिस्ट चर्च वगळू नका. तळमजल्याच्या लाकडी जमिनीला नक्षीसारखी भोकं आहेत. पळून आलेले गुलाम खाली लपत, त्यांना हवा मिळावी म्हणून ती पाडली, अशी चर्चची परंपरा आहे. तिथे वाकून बघितल्यावर आमच्यापैकी कोणी बराच वेळ काही बोललं नाही.

भुताखेतांच्या रात्रीच्या बसफेऱ्या टाळा. आम्ही घेतलेल्या एका फेरीत गुलाम बाईच्या मरणाची गोष्ट किंकाळ्या मारून सांगितली गेली. दुपारी ती निळ्या छताची खोली बघून आलेल्या माणसाला हे ऐकवत नाही. नदीकाठची रिव्हर स्ट्रीटही अर्ध्या तासात उरका. दगडी फरसबंदी ओबडधोबड आहे, गुडघेवाल्यांनी जपून.

खाण्याचं थोडक्यात : शाकाहारी असाल तर उकडलेल्या पालेभाज्यांत मांस आहे का ते विचारून घ्या, दक्षिणेत बहुधा डुकराचं मांस घालूनच त्या शिजवतात. ब्रॉटन स्ट्रीटवर लिओपोल्ड्स आइस्क्रीमचं दुकान आहे, हे नाव 1919 पासूनचं. रांग मोठी असते, टुटीफ्रुटी त्या रांगेच्या लायकीचं आहे.

जायचं तर मार्चअखेर किंवा एप्रिलमध्ये, अझेलिया फुललेल्या असतात. 17 मार्चच्या आसपास मात्र नको. सेंट पॅट्रिकच्या मिरवणुकीला प्रचंड गर्दी लोटते, हॉटेलांचे भाव कडाडतात आणि या चौकांत बसायला बाक मिळत नाही.