चालता बॉयलर ठेवावा की बदलावा? सुटे भाग दुर्मीळ होऊ लागल्यावरचा हिशेब

ब्रिटनमध्ये जुने घर विकत घेतलेल्या मराठी कुटुंबांपुढे हा प्रश्न बहुधा वार्षिक सर्व्हिसच्या वेळी उभा राहतो. गॅस इंजिनिअर अवजारे गोळा करता करता सांगतो की बॉयलर उत्तम चालतो आहे, पण याचे भाग मिळणे आता अवघड होऊ लागले आहे. हे विधान खरे असू शकते, नव्या बॉयलरच्या विक्रीची प्रस्तावनाही असू शकते, आणि पुष्कळदा ते दोन्ही असते. माझ्या घरी २००५ च्या आधीचा, म्हणजे कंडेन्सिंग (धुरातल्या वाफेची उष्णताही वापरणाऱ्या) बॉयलरची सक्ती होण्यापूर्वीचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे रेडिएटर आणि नळाचे पाणी दोन्ही टाकीशिवाय तापवणारा, घराबरोबरच आला होता, आणि तो चालू असतानाच मी काढून टाकला. त्यामुळे माझा कल कोणत्या बाजूला आहे हे लपवण्यात अर्थ नाही. तरीही जुना बॉयलर ठेवणाऱ्यांची बाजू मला बरीचशी पटते, आणि ती आधी मांडणे योग्य ठरेल.

गॅसची बचत हे बदलाचे कारण म्हणून सर्वांत जास्त पुढे केले जाते आणि तेच सर्वांत लंगडे आहे. मध्यम आकाराच्या घराचा वर्षाचा गॅस ११,५०० युनिट (किलोवॅट-तास) धरू. जुन्या नॉन-कंडेन्सिंग बॉयलरची कार्यक्षमता ७८ टक्के आणि नव्याची ९० टक्के धरली, तर वर्षाला सुमारे १,५०० युनिट वाचतात. युनिटला ६ पेन्स या दराने हे ९० पौंडांच्या आसपास होतात. बसवण्यासह नव्या कॉम्बीला अडीच ते साडेतीन हजार पौंड लागतात. ही रक्कम केवळ गॅसमधून वसूल व्हायला पंचवीस वर्षांहून अधिक काळ जाईल, आणि तोवर नवा बॉयलरही भंगारात गेलेला असेल. शिवाय ते ९० टक्केही आपोआप पदरात पडत नाहीत. रेडिएटरमधून परतणारे पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली असेल तरच धुरातली वाफ थंड होऊन तिची उष्णता परत मिळते, आणि बसवणारे मात्र पुष्कळदा बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचे तापमान ७५-८० अंशांवर ठेवून निघून जातात. आपला जुना बॉयलर आधीच कंडेन्सिंग असेल, तर बचतीचा मुद्दा जवळजवळ संपतोच.

तेव्हा प्रश्न उरतो तो सुट्या भागांचाच, आणि तिथे सगळे भाग एका मापाने मोजून चालत नाही. पंप, एक्स्पॅन्शन व्हेसल (तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा देणारे भांडे), प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह, हवा काढणारा व्हॉल्व्ह आणि खोलीतला थर्मोस्टॅट यांना बहुधा पर्याय निघतो. एक्स्पॅन्शन व्हेसल तर बॉयलरच्या बाहेर, पाइपवर वेगळे बसवून घेता येते. त्यामुळे यांपैकी काही बिघडले म्हणून कोणी नव्या बॉयलरचा अंदाजपत्रक-कागद पुढे केला, तर दुसऱ्या इंजिनिअरचे मत घ्यावे. खरी अडचण सर्किट बोर्ड, पंखा, गॅस व्हॉल्व्ह आणि मुख्य हीट एक्स्चेंजर (ज्वाळेची उष्णता पाण्याला देणारा भाग) या चार गोष्टींची असते, कारण त्या बहुतांशी त्या-त्या मॉडेलपुरत्याच बनतात. मॉडेलचे उत्पादन थांबल्यावर उत्पादक साधारणपणे दहा ते पंधरा वर्षे भाग पुरवत राहतात. त्यानंतर दुकानांत शिल्लक असेल तेवढेच, किंवा काढून टाकलेल्या बॉयलरमधून सोडवलेले भाग, एवढाच आधार राहतो.

आपला बॉयलर यात नेमका कुठे बसतो हे पाहायला तज्ज्ञ असण्याची गरज नाही. बॉयलरच्या माहितीपट्टीवर किंवा सोबतच्या पुस्तिकेत मॉडेल ओळखण्याचा जीसी क्रमांक छापलेला असतो, आणि कॉम्बीचा हा क्रमांक ४७ ने सुरू होतो. तो देऊन सुटे भाग विकणाऱ्या दोन-तीन दुकानांत या चार भागांची चौकशी करावी. 'नवा, उपलब्ध' असे उत्तर आले, तर इंजिनिअरचे ते वाक्य फारसे मनावर घेऊ नये. 'फक्त दुरुस्त केलेला' किंवा 'उत्पादन बंद' असे उत्तर बोर्डाबाबत किंवा पंख्याबाबत आले, तर मात्र पुढचा परिच्छेद आपल्यासाठी आहे.

माझा निर्णय भागांच्या किमतीने झाला नाही. दुरुस्त केलेला बोर्ड नव्या बॉयलरच्या तुलनेत स्वस्तच पडतो. निर्णय झाला तो एका कटकटीने, आणि ती मला आधी कोणी समजावून सांगितली नव्हती. आमचा बॉयलर अधूनमधून पेटायचाच नाही. बटण दाबून पुन्हा सुरू केला की कधी दिवसभर नीट चालायचा, कधी तासाभरात पुन्हा बंद. दोष बोर्डात असेल किंवा पंख्यात, असे निदान झाले. भाग सहज मिळत असते तर इंजिनिअरने एक लावून पाहिला असता आणि फरक पडला नसता तर काढून गाडीत परत ठेवला असता. पुष्कळशा दुरुस्त्या प्रत्यक्षात अशाच होतात. निदान पूर्ण होते ते भाग लावून पाहिल्यावर. भाग दुर्मीळ झाला की ही सोयच नाहीशी होते. विकणारा सांगतो की विजेचा भाग एकदा उघडून लावला की परत घेतला जाणार नाही, आणि हमी हवी असेल तर तो नोंदणीकृत इंजिनिअरनेच बसवल्याचा पुरावा लागेल. इंजिनिअर सांगतो की ग्राहकाने स्वतः आणलेला भाग आम्ही बसवत नाही, आणि बसवला तरी तो चालला नाही तर फेरीचे पैसे द्यावेच लागतील. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी रास्त आहे, पण निदान चुकले तर त्याचा भुर्दंड दोघांपैकी कोणावरही न पडता नेमका घरमालकावर पडतो. दर बिघाडाला एक न परतवता येणारा भाग विकत घेऊन पैज लावायची, हे मला मान्य होईना.

पुण्या-मुंबईत वाढलेल्या माणसाला हे विशेष खटकते, कारण तिथे मेकॅनिक स्वतःच तापकीर गल्लीतून किंवा लॅमिंग्टन रोडवरून भाग आणतो, लावून पाहतो, जमला नाही तर स्वतःच बदलून आणतो, आणि बोर्डावरचा एखादा जळालेला कपॅसिटर बदलून देणारा कारागीरही जवळपास सापडतो. इथेही बोर्ड टपालाने पाठवून दुरुस्त करून घेण्याची सोय आहे. पण तो परत येईपर्यंत घर थंड राहते, आणि पाठवायचा तो बोर्डच ना, हा प्रश्न शिल्लकच असतो. स्वतः झाकण उघडून खटाटोप करण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. गॅस सेफ या अधिकृत यादीत नोंदणी असलेल्या इंजिनिअरशिवाय गॅसच्या कामाला इतर कोणी हात लावणे हा इथे केवळ शिस्तीचा प्रश्न नाही. अनेक बॉयलरमध्ये ते झाकण हाच विषारी वायू घरात येऊ न देणाऱ्या बंदिस्त कक्षाचा भाग असतो.

देखभालीचा मासिक करार घेतलेल्यांनाही यातून सुटका आहे असे समजू नये. भाग मिळत नसल्यास दुरुस्तीचे बंधन राहणार नाही, अशा अर्थाचे कलम अनेक करारांत असते, आणि जुन्या बॉयलरच्या बाबतीत नेमके तेच लागू पडते. हप्ते भरण्यापूर्वी ते कलम शोधून वाचावे.

नव्या बॉयलरबद्दल तक्रारी नाहीत असे नाही. त्याच्या हीट एक्स्चेंजरमधल्या पाण्याच्या वाटा अरुंद असल्यामुळे रेडिएटरमधला जुना काळा गाळ त्याला सोसत नाही; म्हणून आधी सगळी व्यवस्था धुऊन घेणे, चुंबकीय फिल्टर बसवणे आणि गंजरोधक द्रव टाकणे यांत काटकसर करू नये. अंदाजपत्रकात या तीन गोष्टी स्वतंत्रपणे लिहिलेल्या नसतील तर विचारून घ्याव्यात. गॅसचा पाइप १५ मिलिमीटरचा असेल तर काही ठिकाणी तो २२ चा करावा लागतो आणि त्यासाठी फरशी किंवा लाकडी जमीन उचकटावी लागते. कंडेन्सिंग बॉयलरमधून ठिबकणारे पाणी बाहेर नेणारा पाइप घराबाहेर लांबवर फिरवला असेल तर कडाक्याच्या थंडीत तो गोठून बॉयलर बंद पडतो. डिसेंबर २०१० च्या थंडीत असे बऱ्याच घरांत घडले. हा पाइप शक्यतो आतूनच निचऱ्यात सोडावा, आणि बाहेर न्यावाच लागला तर तो आखूड, जाड आणि आवरण घातलेला असावा. सात-दहा वर्षांची हमी आकर्षक दिसते खरी, पण दरवर्षीची सर्व्हिस चुकली की ती संपते. एवढे सगळे असूनही, हमीच्या काळात निदान चुकले तर तो भुर्दंड माझ्यावर येत नाही, आणि माझ्या दृष्टीने या एका गोष्टीने बाकीच्या उण्या बाजू भरून निघतात. गॅसच्या बिलात फरक पडला असावा असे वाटते, पण हिवाळे सारखे नसतात, म्हणून त्यावर मी भर देणार नाही.

हीट पंपाचा, म्हणजे बाहेरची उष्णता विजेच्या साहाय्याने आत आणणाऱ्या यंत्राचा, विचारही झाला. इंग्लंड आणि वेल्समध्ये त्यासाठी ७,५०० पौंडांचे सरकारी साहाय्य मिळते आणि चालता गॅस बॉयलर काढून तो बसवला तरी चालते. पण गरम पाण्याची टाकी ठेवायला जागा लागते, आणि कॉम्बी घेताना घराच्या आधीच्या मालकांनी तीच टाकी काढून त्या जागी कपाट केले होते. ज्यांच्या घरी टाकी अजून शाबूत आहे, त्यांनी नव्या गॅस बॉयलरआधी हीट पंपाचे अंदाजपत्रक अवश्य मागवावे.

घर भाड्याने दिलेले असेल तर मी फारसा घोळ घालणार नाही. भाडेकरूला आठवडाभर गरम पाण्याविना ठेवणे शक्य नसते, तेव्हा बोर्ड मिळत नसेल तर बॉयलर बदलून टाकावा. स्वतः राहत असाल, चारही भाग नवे मिळत असतील आणि सर्व्हिसच्या वेळी ज्वलनाची तपासणी व्यवस्थित येत असेल, तर आणखी एक-दोन हिवाळे काढायला हरकत नाही. मात्र दर उन्हाळ्यात त्याच क्रमांकाने पुन्हा चौकशी करावी. बदलायचे ठरलेच तर मे ते जुलैच्या दरम्यान बदलावे. त्या काळात इंजिनिअरना वेळ असतो, तीन अंदाजपत्रके शांतपणे ताडून पाहता येतात, आणि जुना बॉयलर चालू असल्यामुळे काम दोन दिवस लांबले तरी बिघडत नाही. काढलेल्या बॉयलरचा पंखा आणि बोर्ड तेच मॉडेल वापरणाऱ्या दुसऱ्या एखाद्याला हवे असतात, म्हणून ते भंगारात टाकण्यापूर्वी इंजिनिअरला विचारून घ्यावे. माझ्या बिलातून त्यापोटी थोडी रक्कम कमी झाली होती.